पद्मिनीचं मिसिंग आणि वालचंद हिराचंद: भारतात गाडी बनवायला निघालेल्या माणसाची गोष्ट

आमच्या घरी १९९३ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतलेली, एमएच ३० पासिंग, म्हणजे अकोल्याची. आता आम्ही अमरावतीला राहतो, पण गाडीची कागदपत्रं अकोल्यालाच आहेत. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात ती वेळ आली. बाबांनी सरळ सांगून टाकलं की गाडी अकोल्यापर्यंत नीट गेली तर ठेवू, नाही तर भंगारात देऊ. आजोबा काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी त्यांनी गाडी दोनदा पुसली.

सकाळी अमरावतीहून निघालो की गाडी मस्त चालायची. मूर्तिजापूरच्या आसपास ऊन चढलं की झटके द्यायला लागायची. आपल्याकडे मिस्त्री याला मिसिंग म्हणतात. थांबून अर्धा तास चहा घेतला की पुन्हा ठीक.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन आलो होतो. नव्या गाडीत स्टिअरिंगखाली सॉकेट असतं, त्यात तो लावला की कोणत्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे ते ॲपवर कोडसकट दिसतं. पद्मिनीत खाली वाकून पाहिलं तर सॉकेटच नाही. सॉकेट नाही, सेन्सर नाहीत, संगणक नाही. मग तिच्या वायरिंगचा नकाशा शोधायला बसलो, आणि शोधता शोधता प्रीमियर कंपनी काढणाऱ्या माणसापर्यंत पोचलो. वालचंद हिराचंद. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, सांगलीच्या कॉलेजमुळे. माणूस कोण होता हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल तर आज तेच सांगतो. सोबत गाडीचं काय झालं तेही.

आधी मिसिंग म्हणजे काय ते बघू

पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. फोर स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिनच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. गाडी उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० ठिणग्या, चारांत मिळून १६००. सेकंदाला साधारण २७. यातल्या काही ठिणग्या पडल्या नाहीत, किंवा पडल्या पण पेट्रोल पेटलं नाही, की इंजिन हिसका देतं.

पेटायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, हवा-पेट्रोलचं बरोबर मिश्रण, आणि सिलिंडरमधला दाब. तिन्ही योग्य वेळी. मिसिंग शोधायचं म्हणजे या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते शोधायचं. एवढं लक्षात ठेवा, कारण वालचंदांच्या गोष्टीतही हेच कोडं पुढे येणार आहे.

सोलापूरचा मुलगा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती दिगंबर जैन, दोशी कुटुंब, पण कधीचं सोलापुरात रुजलेलं. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. आई ते अगदी लहान असतानाच गेली. शिक्षण सोलापूर, मग मुंबईचं सेंट झेवियर्स, पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण पदवी पूर्ण झाली नाही.

घरच्या धंद्यात त्यांचं मन रमलं नाही. त्याच काळात लक्ष्मण बळवंत फाटक नावाच्या गृहस्थांशी ओळख झाली. फाटक रेल्वेत कारकून होते, त्यांना रेल्वेच्या कामांची आतून माहिती होती. वालचंदांकडे भांडवल उभं करण्याची ताकद होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाकडे डोमेन नॉलेज, दुसऱ्याकडे फंडिंग. फाटक आणि वालचंद ही जोडी जमली. पुढे रेल्वेची आणि पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांची कामं त्यांनी केली.

१९२६ मध्ये उभी राहिलेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे एचसीसी, त्यांचीच. मुंबई-पुणे रेल्वेने जाताना बोरघाटात जे बोगदे लागतात, त्यांतल्या मोठ्या कामाने या कंपनीचं नाव झालं. म्हणजे आज मोबाइलचं नेटवर्क ज्या अंधारात जातं, त्या अंधारात वालचंदांचा हात आहे.

जहाज का घेतलं

आता वऱ्हाडातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपला कापूस एकोणिसाव्या शतकापासून अकोला, बडनेरा असा रेल्वेने मुंबईला जायचा आणि तिथून बोटीने विलायतेला. पीक आपलं, घाम आपला. पण जहाज परक्यांचं आणि भाडं किती घ्यायचं हेही परकेच ठरवणार. हिंदी किनाऱ्यावरच्या वाहतुकीत ब्रिटिश इंडिया या कंपनीचा दबदबा होता. कोणी देशी माणसाने जहाज कंपनी काढली की हे लोक भाडं इतकं पाडायचे की नवी कंपनी बुडायची. मग भाडं पुन्हा वर. हा खेळ तुम्ही ॲपवाल्या कंपन्यांच्या डिस्काउंटमध्ये पाहिलेला आहे, नवा नाही.

१९१९ मध्ये वालचंदांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरायला दिलेलं एक जुनं जहाज विकायचं आहे. नाव लॉयल्टी. जहाजाच्या धंद्याचा त्यांना अनुभव शून्य. तरी त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना सोबत घेऊन ते विकत घेतलं आणि कंपनी काढली. जहाज शिंद्यांकडून घेतलेलं म्हणून नाव ठेवलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. भारतात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात तो याच प्रवासामुळे.

पहिलं जहाज फार चाललं नाही, काही वर्षांत भंगारात गेलं. भाड्याचं युद्ध झालंच. १९२३ मध्ये ब्रिटिश इंडियाबरोबर दहा वर्षांचा करार करावा लागला, त्यात सिंधियाने किती वाढायचं यावर मर्यादा आल्या. वालचंदांना तो बोचत राहिला. पण कंपनी बुडाली नाही, हेच मोठं होतं. १९२९ पासून १९५० पर्यंत ते सिंधियाचे अध्यक्ष होते.

माझी पहिली चूक

इकडे पद्मिनीत मी काय केलं? सगळ्यांनी सांगितलं की पेट्रोलचा प्रॉब्लेम असेल, ऊन लय आहे, नळीत पेट्रोलची वाफ होत असेल. मला पटलं. वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा जुन्या गाडीत असं होतंही. मी कार्बोरेटर खोलला, जेट फुंकून साफ केले, परत बसवला.

मिसिंग होतं तसंच राहिलं. वरून नवीन दुखणं सुरू झालं: आता सकाळी थंड असतानाही आयडलिंगला गाडी थरथरायला लागली. सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची.

सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही रिग्रेशन म्हणतो. एक बग काढायला गेलो आणि दुसरा घातला. मूळ चूक ही की मी तपासलं काहीच नव्हतं. लोकांनी सांगितलं आणि मी पाना हातात घेतला. अंदाजावर भाग खोलणं म्हणजे लॉग न वाचता कोड बदलणं.

आजोबांनी तेव्हा एकच गोष्ट सांगितली: एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर गाडी चालू करून ऐकायची. ते इंजिनीअर नाहीत. जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे.

साखर, गोळ्या आणि रॉकेट

वालचंदांचा पुढचा उद्योग बघून तर माणूस चक्रावतो. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला त्यांनी १९२३ च्या सुमारास खडकाळ, पडीक जमीन घेतली. लोकांनी वेड्यात काढलं. त्यांनी दगड काढले, पाणी आणलं, ऊस लावला, १९३३ मध्ये साखर कारखाना चालू केला. लहानपणी रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर त्या याच गावच्या.

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला असाच दुसरा कारखाना उभा राहिला. त्या गावाला आज वालचंदनगर म्हणतात. साखर कारखान्याची यंत्रं दुरुस्त करता करता तिथे यंत्रं बनवणं सुरू झालं, आणि पुढे त्याच गावातल्या कारखान्याने इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंग बनवले. दुरुस्ती येते तो एक दिवस बनवायलाही लागतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

१९३९ चं मिसिंग

आता गाडी. मोटार भारतातच बनवायची ही कल्पना तेव्हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मांडत होते. १९३५ च्या सुमारास त्यांनी युरोप-अमेरिकेत फिरून मुंबईत मोटार कारखान्याची योजना तयार केली. वालचंद या योजनेला जोडले गेले आणि १९३९ मध्ये स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. क्रायस्लर तयार झाली.

पण कारखाना काही सुरू झाला नाही. का? मी इथे गाडीचीच पद्धत लावून पाहिली. एकेक गोष्ट बाजूला काढत गेलो.

भांडवल नव्हतं का? वालचंदांनी तोवर रेल्वे, जहाजं, साखर यांत पैसा उभा करून दाखवला होता. तंत्रज्ञान? क्रायस्लरबरोबर करार होत होता. गिऱ्हाईक? जनरल मोटर्स आणि फोर्ड तेव्हा मुंबईत बाहेरून सुटे भाग आणून गाड्या जोडत होते आणि विकत होते, म्हणजे बाजार होता. राहता राहिलं सरकार. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ या योजनेच्या बाजूने होतं. पण महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ च्या शेवटी काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामा देऊन बाहेर पडली. आणि दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारने मोटार कारखाना हा युद्धासाठी गरजेचा उद्योग मानायला नकार दिला. युद्धाच्या काळात हा शिक्का नसेल तर यंत्रं आणणार कशी?

म्हणजे पेट्रोल होतं, दाब होता, ठिणगी कोणीतरी अडवून ठेवली होती.

विमानात भेटलेला माणूस

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. वालचंद अमेरिकेहून प्रशांत महासागरावरून पॅन अमेरिकनच्या क्लिपर विमानाने परत येत होते. त्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली, जो चीनमध्ये विमानाचा कारखाना चालवत होता. वालचंदांनी तिथेच विचार पक्का केला: मोटार नाही तर विमान.

म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरात जमीन आणि भांडवलात वाटा दिला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड सुरू झाली. १९४१ मध्ये तिथे जोडलेलं हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान उडालंही. मग जपान युद्धात उतरला, धोका जवळ आला, आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. हीच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली, जिला आपण एचएएल म्हणतो. नाशिकजवळच्या ओझरवरून लढाऊ विमानं उडताना दिसतात ना, ती या कंपनीच्या कारखान्यातली.

जहाजाचंही तसंच. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला सिंधियाच्या जहाज बांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. काम थांबलं, रखडलं, पण बंद पडलं नाही. १४ मार्च १९४८ ला तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. स्वतंत्र भारतात पाण्यात उतरलेलं हे पहिलं मोठं आधुनिक जहाज. नंतर तो कारखानाही सरकारकडे गेला.

थंड गाडी, गरम गाडी

आता गाडीकडे परत. दुसऱ्या वेळेस मी वहीत दोन रकाने केले. एक, थंड असतानाची थरथर. दोन, गरम झाल्यावरचं मिसिंग. दोन्हींचं कारण एकच असेल हे मानायचं नाही असं ठरवलं.

थंड गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडापाशी कागदाची पट्टी धरली आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. पट्टी सारख्या अंतराने फडफडली तर सगळे सिलिंडर काम करतात. मध्येच आत ओढली गेली किंवा ठोका चुकला तर मिसिंग. माझ्या व्हिडिओत ठोके चुकत होते, पण ठरावीक अंतराने नाही, कसेही.

मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी ढेपाळतं. आधीच मेलेल्याची काढली तर काही फरक पडत नाही. माझ्या गाडीत चारही वायरींना सारखाच फरक पडला. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नाही, चौघांच्या सामाईक भागाचा आहे. (ही वायर उघड्या हाताने धरू नका. त्यात हजारो व्होल्ट असतात. इन्सुलेटेड पक्कड घ्या, आणि पहिल्यांदा करत असाल तर मिस्त्री शेजारी असू द्या.)

मग चोक थोडा ओढला. चोक ओढला की हवा कमी होते आणि मिश्रण घट्ट होतं. गाडी लगेच शांत झाली! म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा आत जात होती. कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं तर ते आत ओढलं गेलं आणि इंजिनचा आवाज बदलला. कार्बोरेटर परत बसवताना मी जुनंच फाटकं पॅकिंग लावलं होतं. आयडलिंगला आतली ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून गळती तेव्हा जास्त जाणवते, वेगात फारशी नाही. नवं पॅकिंग टाकलं, थरथर संपली. माझा बग मी काढला.

आता मूळ दुखणं. मूर्तिजापूरपर्यंत गाडी नेली, झटके सुरू झाल्यावर बाजूला घेतली. पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनच्या पंपावर, ओलं फडकं ठेवलं. फरक नाही. इग्निशन कॉइलवर ठेवलं. फरक नाही. मग सोबत आणलेला जादा प्लग एका वायरीला लावला, त्याची बॉडी इंजिनला घट्ट टेकवली आणि सेल्फ मारला. सकाळी घरी हीच ठिणगी निळी, टकटक वाजणारी होती. आता बारीक आणि पिवळी. म्हणजे पेट्रोल निर्दोष, दोष करंटचा. मागून आणलेली चांगली कॉइल लावून पाहिली, ठिणगी पिवळीच.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत पॉइंट असतात: दोन छोटे संपर्क, इंजिनच्या फेऱ्याबरोबर उघडझाप करणारे. मिटले की बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून वाहतात, उघडले की प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. तेच प्लगला जातात. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास ही पद्धत आणली आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. पॉइंट उघडताना प्रवाह एकदम तुटायला हवा. तो तिथेच ठिणगी बनून रेंगाळू नये म्हणून शेजारी एक कंडेन्सर असतो, जो तेवढा झटका पोटात घेतो.

माझ्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा, दोन्ही जळलेले. कंडेन्सर खराब झाल्याची ही जुनी खूण. थंड असताना तो कसाबसा काम करायचा, तापला की आतलं इन्सुलेशन गळायला लागायचं. तीस वर्षांच्या गाडीत हे व्हायचंच, त्यात कोणाचा दोष नाही.

मूर्तिजापुरात दुसऱ्याच दुकानात कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही मिळाले. फिलर गेजने फट लावली, साधारण अर्धा मिलिमीटर. चहा-नाश्त्याच्या खर्चात काम झालं. अकोल्यापर्यंत गाडी एकदाही चुकली नाही. रस्ताही साथीला होता, कारण अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झालेला. गाडी पास झाली. बाबांनी भंगारवाल्याचा नंबर डिलीट केला की नाही माहीत नाही, पण तो विषय काढला नाही.

आणि शेवटी मोटार

वालचंदांनीही मोटार सोडली नव्हती. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला बहुतेक भाग बाहेरचेच. मग हळूहळू इथे भाग बनायला लागले. छोट्या गाडीसाठी इटलीच्या फियाटशी करार झाला, १९५१ मध्ये फियाट ५०० आली.

पण तोवर वालचंद थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत सोबत होत्या. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी सरकारने ठरवलं की ज्यांना भाग इथे बनवायचे असतील त्यांनीच भारतात गाड्या कराव्यात. नुसत्या जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. ज्या फियाट ११०० मुळे प्रीमियर घराघरांत पोचली, ती १९५४ मध्ये आली. वालचंदांनी ती पाहिली नाही. तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी.

सगळंच गोड सांगायचं नाही. स्पर्धा नसल्यामुळे हीच गाडी दशकानुदशकं फारशी न बदलता बनत राहिली, आणि लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. संरक्षण मिळालेला धंदा आळशी होतो, हे पद्मिनीनेच दाखवलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा आमची अकोल्याहून येऊन जेमतेम काही महिने झाले होते.

तरी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तीस वर्षं जुन्या गाडीचा भाग मूर्तिजापुरात दुसऱ्या दुकानात मिळाला. का? कारण तो भाग इथे बनतो, तो कसा काम करतो हे इथल्या मिस्त्रीला माहीत आहे, आणि तो बदलायला कोणाचा पासवर्ड लागत नाही. माझ्या खिशातला फोन तीन वर्षांचा आहे आणि त्याची बॅटरी बदलायला गेलो तर नवीन घ्या असं ऐकावं लागतं. जहाज, विमान, मोटार, तिन्हींच्या मागे वालचंद एकच प्रश्न घेऊन फिरले: वस्तू आपल्या हातात असली तरी ती बनवायचं आणि दुरुस्त करायचं ज्ञान कोणाकडे आहे? तिन्ही कारखान्यांपैकी दोन त्यांच्या हातातून गेले, तिसरा बहरायच्या आधी ते गेले. प्रश्न मात्र तसाच उरलाय.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर एकदा बॉनेट उघडून आजोबांना विचारा, हे काय आहे आणि कशासाठी आहे. आमच्याकडे आता दर रविवारी तेच चालतं. पाना माझ्या हातात, खुर्ची टाकून आजोबा शेजारी. एका वेळी एकच बदल.